पट्टीमागची निळी वायर

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
६ जुलै २०२५

आदरणीय राजेंद्रमामांस,
सप्रेम जय भीम.

तुम्हाला आठ वेळा फोन केला. तीनदा वाजून बंद झाला, पाचदा तुम्ही कापलात. म्हणून रजिस्टर पत्र टाकते. सही करून घेतलेलं पत्र कापता येत नाही.

आईंची जखम भरली. उजवा हात मनगटाशी संपतो; तिथं आता दुखत नाही, खाजतं म्हणतात. डाव्या हातानं जेवायला शिकतायत. तुमची आठवण रोज निघते. "राजूचं पोट बिघडलं असंल, म्हनून येत नाय," असं शेजारच्या वच्छलाबाईंना सांगतात. सख्ख्या भावाचं पोट जानेवारीपासून बिघडलेलं आहे आणि खुलताबादची एस.टी. तासाभराची आहे, हे वच्छलाबाईंनाही कळतं. त्या मान डोलावतात.

खरं लिहायचंय ते तुमच्या भाच्याबद्दल. गोकुळ आईंचं सगळं करतो. पाणी काढतो, भाकरी कुस्करून देतो, पण खाली मान घालून. त्यांच्यासमोर एक घास खात नाही. आई म्हणतात, "मी माफ केलंय रं तुला," की हा उठून मोरीत जातो आणि नळ सोडून उभा राहतो. भाजी चिरता चिरता मला विचारतो, "पिवळी वायर काढली होती ना मी?" दिवसातून चारदा विचारतो. मी काय सांगू? मी तेव्हा शिकवणीला गेले होते.

जे झालं ते मला एकदा सरळ लिहून बघायचंय. मशीन तुम्ही दोघांनी हौसेनं बनवलं. कॉम्प्युटरवर नक्षी काढायची, मशीन लाकडात कोरणार. कोरणारं पातं एका आडव्या पुलावर, आणि पूल ओढायला डावी-उजवीकडं एकेक सर्व्हो मोटार. एक मोटार बिघडली तर तिचा ड्राइव्ह, म्हणजे तिला चालवणारा डबा, मशीनच्या मेंदूला, कंट्रोलरला अलार्मचा सिग्नल देतो आणि सगळं थांबतं. त्या दिवशी डावी बिघडली. सिग्नल वायर टाकून शॉर्ट केलेला होता, म्हणजे कायमचा 'सगळं ठीक'वर जोडलेला, म्हणून कंट्रोलरला कळलंच नाही. उजवी ओढत राहिली, पूल तिरका होऊन अडकला. गोकुळ दाराशी कुरिअर घ्यायला गेलेला. आईंना वाटलं मशीन थांबलं, त्यांनी भुसा झाडायला हात घातला. पूल सुटला.

शॉर्ट करणारी पिवळी वायर तुम्हीच पॅनल उघडून सगळ्यांना दाखवलीत. तशी वायर गोकुळनं डिसेंबरात टाकली होती, हे तो कबूल करतो. काढली होती, असंही त्याला वाटतं. पण वायर तर तिथं होती.

मला मशीन परत चालू करायचंय, नीट, सिग्नलसकट. ते सुरक्षित चालताना त्यानं पाहिलं तर कदाचित तो माणसात येईल. तो खोलीत पाऊल टाकत नाही, म्हणून मीच करणार. मला शिकवा.

आपली,
प्रेरणा


खुलताबाद
१४ जुलै २०२५

चि. सौ. प्रेरणा हिस,
जय भीम व आशीर्वाद.

नवऱ्याचं नाव घेऊन लिहितेस, लिही. काळ तुमचा आहे.

फोन मी मुद्दामच उचलत नाही. आमच्या गल्लीतला सांडू एका वकिलाकडं कारकून आहे. तो म्हणाला, पोलिसांत जबाब झालाय तोवर फोनवर काही बोलू नका, सगळं रेकॉर्ड होतं. मोबाइलवर लिहूनही काही पाठवू नका. कागदाचं तसं नाही, वाचला की फाडला. हाही फाडून टाक. आणि रजिस्टर करू नकोस, पोस्टमन सही मागतो तेव्हा तुझ्या मामीच्या, रत्नमालाच्या कपाळाला आठ्या पडतात.

अक्काला माझा नमस्कार सांग. पोट खरंच बरं नसतं.

आता तुझं. मशीन भंगारात घाल, असं माझं म्हणणं आहे. हात दाखवून अवलक्षण कशाला? पण तू बी.एस्सी. आहेस, मास्तरीण आहेस, ऐकायची नाहीस. तुझ्या मनानं काहीतरी जोडून बसशील त्यापेक्षा सांगतो. वाळूजला कारखान्यात एकतीस वर्षं मेंटेनन्स केलं, माझ्या हाताखालची पोरं आज इंजिनिअर म्हणून मिरवतात.

प्रत्येक ड्राइव्हला अलार्मची दोन टोकं असतात. ड्राइव्ह धडधाकट असला की आतून ती जोडलेली, बिघडला की तुटलेली. उलटं का नाही? कारण वायर उंदरानं कुरतडली तरी सिग्नल तुटतो आणि मशीन थांबतं. चांगल्या वायरिंगचा नियम हाच, की शंका आली तरी थांबायचं. तुमचे चार ड्राइव्ह आहेत, पुलाचे दोन, पातं सरकवणारा एक, वर-खाली करणारा एक. आधी त्यांची टोकं शोध आणि मला कागदावर काढून पाठव. हात लावण्याआधी मेन स्विच बंद, आणि वर दहा मिनिटं थांब. आत वीज साठून राहते.

गोकुळला म्हणावं, झालं गेलं. पोरवयात हातून चुका होतात. आईनं माफ केलंय, तर त्यानंही स्वतःला करावं.

तुझा,
राजेंद्रमामा


गारखेडा
२२ जुलै २०२५

आदरणीय मामा,
सप्रेम जय भीम.

पत्र मिळालं. आईंना तुमचा नमस्कार सांगितला. पदरानं डोळे पुसले आणि "त्याला म्हनावं बाजरीची खिचडी खा," म्हणाल्या. निरोप पोचवते.

सोबत ड्रॉइंग पाठवलंय. चारही ड्राइव्हची टोकं सापडली. मी असा विचार केला, की चारही ड्राइव्हचं पहिलं टोक एकत्र करून कंट्रोलरला, आणि चारही दुसरी टोकं एकत्र करून कंट्रोलरच्या दुसऱ्या स्क्रूला. म्हणजे वायर कमी लागेल. बरोबर ना? बरोबर असेल तर याच आठवड्यात जोडून टाकते.

एक विचारायचं राहिलं. पॅनलमध्ये पिवळ्या वायरीचे तुकडे अजून पडलेत. तुम्ही दाखवलीत ती नेमकी कुठून कुठं होती? मला ती जागा रिकामीच ठेवायचीय.

गोकुळ चार दिवस कामावर गेला नाही. त्यानं आईंच्या अंथरुणाशेजारची स्वतःची गादी उचलून जिन्याखाली टाकलीय. म्हणतो, झोपेत तिच्या हाताला धक्का लागेल. धक्का आता कुठल्या हाताला लागणार, हे मला त्याला सांगवेना.

प्रेरणा


खुलताबाद
३० जुलै २०२५

चि. सौ. प्रेरणा हिस,

तुझं ड्रॉइंग बघून मला दोन घास गेले नाहीत. कुणी शिकवलं तुला हे? तुझाच कागद लाल पेनानं दुरुस्त करून परत पाठवतोय. खोडलंय ते सगळं तू केलेलं, उरलंय ते माझं.

असं बघ. चारही जोड्या शेजारी-शेजारी जोडल्यास तर एक ड्राइव्ह बिघडून तुटला तरी उरलेले तीन रस्ता चालू ठेवतात. कंट्रोलर म्हणेल, सगळं ठीक. म्हणजे सिग्नल असून नसल्यासारखा. माळेसारखं जोडायचं असतं, एकामागं एक, म्हणजे कुठलाही एक मणी निघाला की माळ तुटली.

आणि तेही थेट नाही. तुमचा कंट्रोलर हौशी लोकांचा, पाच व्होल्टचा. चार ड्राइव्हमधून जाता जाता त्याच्यापर्यंत काही धड पोचणार नाही. म्हणून प्रत्येक ड्राइव्हला एक छोटा रिले, म्हणजे विजेनं ओढला जाणारा स्विच लाव, चोवीस व्होल्टचा. ड्राइव्ह धडधाकट तोवर रिले ओढलेला. त्या चार रिलेंचे कॉन्टॅक्ट माळेत घे आणि माळेची दोन टोकं कंट्रोलरला दे. पॅनलच्या तळाला मी टर्मिनलची पट्टी, वायरी जोडायच्या नंबरी स्क्रूंची, बसवली आहे. चार नंबर आणि सात नंबर ही तुझी माळेची टोकं. मग परीक्षा घे. मोटारी चालू असताना एका रिलेची वायर काढ. सगळं जागच्या जागी थांबलं तर पास.

पिवळी वायर पुढच्या बाजूनं चार आणि सातच्या मध्ये होती. तू कशाला खोदत बसतेस? वाळूजला आमचा एक रिवाज होता. सिग्नल शॉर्ट करावाच लागला तर करणाऱ्यानं त्या वायरीला स्वतःच्या नावाची चिठ्ठी बांधायची, आणि त्यानंच ती काढायची. दुसऱ्यानं हात लावायचा नाही. माझ्या नावाची चिठ्ठी एकतीस वर्षांत एकदाही विसरून राहिली नाही. गोकुळला हे मी दहा वेळा सांगितलं होतं, पण अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. चिठ्ठी नव्हती, म्हणजे नवशिक्याचं काम. पोलिसांनाही मी तेच सांगितलं.

जिन्याखाली झोपतो तर झोपू दे. मनाला लागलंय, ते चांगल्या माणसाचं लक्षण आहे. लेक मंजुषा वैशाखात सासरी गेली तेव्हापासून आमचं घरही खायला उठतं. पैठणचं स्थळ चांगलं मिळालं, जावई शिक्षक आहे. सगळ्यांचं सगळं नीट होतं हळूहळू.

राजेंद्रमामा


गारखेडा
९ ऑगस्ट २०२५

आदरणीय मामा,
सप्रेम जय भीम.

तुमच्या लाल पेनाप्रमाणे सगळं जोडलं. चार रिले गुलमंडीच्या बाजारातून आणले. वायरींना नंबर घातले. पिवळी वायर नाही, पुढची जागा रिकामी आहे.

पण परीक्षेत नापास. डाव्या मोटारीच्या रिलेची वायर काढली, रिले टक्क करून सुटला, तरी मशीन चालूच राहिलं. एक-एक करून चारही काढल्या. काही फरक नाही. बहुतेक कंट्रोलरचं सेटिंग असेल, मला काही ते समजत नाही. नंतर बघू.

आनंदाची गोष्ट अशी की गोकुळ तयार झालाय. पुढच्या रविवारी, सतरा तारखेला सकाळी दहा वाजता तो मशीन लावणार. मीच त्याला पटवलं. भीती जायची तर आईंनीच मशीनपाशी उभं राहावं, असंही ठरलंय. त्या डाव्या हातानं भुसा झाडतील आणि तो बघेल. त्यालाही पटलं. आई हसून म्हणाल्या, "दुसरा हात हाय की अजून."

सिग्नलचं काम थोडं अर्धवट आहे, पण रोज थोडीच मोटार बिघडते.

फोन करू नका. मी उचलणार नाही. तुम्हीच म्हणाला होतात, जे काय ते कागदावर.

प्रेरणा


संभाजीनगर
१४ ऑगस्ट २०२५

प्रेरणा,

मशीन लावू नको. हे आधी वाच, मग पुढचं वाच.

काल सकाळी तुझं पत्र मिळालं, तेव्हापासून एकोणीस फोन केले. आज पहिल्या गाडीनं आलो. तुमच्या गल्लीच्या तोंडाशी आलो तर अक्का ओट्यावर बसलेली. डाव्या हातानं लसूण सोलत होती. पाकळी पायाच्या अंगठ्यात धरून सोलत होती. मी तिथूनच मागं फिरलो. कोपऱ्यावरच्या गिरणीत बसून लिहितोय, गिरणीवाल्याला सांगतोय की तुझ्याच हातात दे.

सेटिंगचं काही नाही. पट्टी पॅनलच्या पत्र्यापासून सोडव. चार स्क्रू आहेत, डावीकडचा खालचा घट्ट आहे, त्याला मोठा पेचकस लागेल. पट्टी उलटी कर. मागच्या अंगानं चार आणि सातच्या मध्ये एक निळी वायर आहे. ती कापून काढ. ती असेपर्यंत तू चार रिले लाव नाहीतर चाळीस, कंट्रोलरला काही कळणार नाही. अक्काला त्या खोलीत जाऊ देऊ नको.

तुला कळलंच असेल. तरी लिहितो, म्हणजे अर्धवट समजून तू ती तशीच ठेवायची नाहीस. निळी माझी आहे. अपघाताच्या दोन दिवस आधी टाकली. मशीन दर वीस मिनिटांनी उगाचच अलार्म देऊन थांबायचं. सोसायटीच्या लाकडी नावपाट्यांचं काम अडलं होतं आणि गोकुळ म्हणाला, "मामा, तुम्हालाबी सापडंना व्हय?" हसून म्हणाला, वाईट मनानं नाही. पण एकतीस वर्षांच्या माणसाला ते झोंबलं. मी मागून वायर टाकली आणि त्याला म्हणालो, बिघाड सापडला, काढला. चिठ्ठी कशी बांधणार? बांधली असती तर त्याला दिसली असती.

अपघातानंतर तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा मी घरी आलो. निळी काढायला पट्टी सोडवावी लागणार होती, बाहेर माणसं जमलेली. म्हणून पुढून पिवळी लावली. गोकुळनं त्याची काढली होती. त्याला नीट आठवतंय.

वाचून जाळ. फाडू नको, जाळ. आणि रविवारचं काढून टाक, मी पाया पडतो.

राजेंद्र


गारखेडा
१९ ऑगस्ट २०२५

राजेंद्रमामा,

रविवारी मशीन लावायचं कधीच ठरलं नव्हतं. गोकुळला मी काही विचारलं नव्हतं, आईंनाही नाही. "दुसरा हात हाय की" हे वाक्य मी बनवलं. तुम्ही ते खरं मानलंत, याचा अर्थ तुमची बहीण तुम्ही नीट ओळखता.

निळी वायर मला तीन ऑगस्टला सापडली. तुम्हीच पट्टीचा पत्ता दिलात, मी ती सोडवून बघितली. आमच्या घरात निळ्या वायरीचं बंडल कधीच नव्हतं. टोकांना बसवलेले धातूचे लग तुम्ही दाबता तसे दोनदा दाबलेले होते. पण गोकुळपुढं वायर धरून काय उपयोग? तो म्हणाला असता, हीसुद्धा मीच टाकली असेन. वायर बोलत नाही. मला तुमच्या अक्षरात हवं होतं. तुम्ही फोन कापायला लागलात तेव्हाच मला संशय आला होता, म्हणून ड्रॉइंगही मी मुद्दाम चुकीचं काढलं. चुकीचं वायरिंग बघून तुम्हाला गप्प बसवत नाही, हे मला लग्नापासून माहीत आहे. तुमच्यात जेवढा चांगुलपणा आहे तेवढाच मी वापरला. बाकीचा माझ्या उपयोगाचा नव्हता.

आणखी एक. उगाच येणारा अलार्म मला एका संध्याकाळी सापडला. सिग्नलची वायर पात्याच्या मोटारीच्या केबलला चिकटून एकाच नळीतून नेली होती. वेगळी केली, थांबलं. मी बी.एस्सी. आहे, एकतीस वर्षंवाली नाही.

पत्र रविवारीच वाचलं, मोठ्यानं, दोघांना समोर बसवून. गोकुळनं ते माझ्या हातातून घेतलं आणि "त्याला नीट आठवतंय" या ओळीवर बोट ठेवलं. मग रडला. मग आईंच्या ताटात जेवायला बसला, सात महिन्यांनी. आई उठून आत गेल्या, भिंतीकडं तोंड करून पडल्या. सख्ख्या भावानं असं करावं, याचा धक्का बसलाय. दोन दिवस झाले, पोटात अन्न नाही. तेही तुमच्याच खात्यावर.

पत्र जाळलं नाही. एक झेरॉक्स पोलीस ठाण्यात दिली. एक पैठणला, मंजुषाच्या सासऱ्यांच्या नावानं टाकली. स्थळ चांगलं आहे, शिकलेली माणसं आहेत, व्यवस्थित वाचतील.

प्रेरणा


खुलताबाद
२ सप्टेंबर २०२५

चि. गोकुळ,

हे पत्र तुझ्या नावानं टाकतोय. तुझ्या बायकोला दुसऱ्याची पत्रं मोठ्यानं वाचायची हौस आहे, म्हणून तूच उघड.

मंजुषा परवा बॅग घेऊन आली. जावयानं काही म्हटलं नाही, सासऱ्यानं पत्र जेवणाच्या वेळी सगळ्यांसमोर टेबलावर ठेवलं, एवढंच. ती माझ्याशी बोलत नाही. रत्नमालाही नाही. घरात तीन माणसं आणि आवाज फक्त कुकरचा. पोलीस दोनदा येऊन गेले. ते मी भोगीन. केलंय तर भोगायलाच पाहिजे. पण माझ्या पोरीनं काय केलं होतं?

तेव्हा आता सगळंच होऊ दे. अर्धवट खरं कशाला ठेवायचं?

पट्टीच्या मागं अंधार असतो. एका हातात पेचकस, एका हातात वायर, तर बॅटरी कुणी धरली, हे तुझ्या हुशार बायकोनं विचारलं नाही. अक्कानं धरली. तू सामान आणायला गेला होतास. मी तिला म्हणालो, "गोकुळला सांगू नको, त्याला वाटंल मामाला येत नाय." ती हसली. म्हणाली, "नाय सांगत रं."

दवाखान्यात हवालदार जबाब घ्यायला आला. मी खरं सांगायला निघालो होतो. तू विश्वास ठेवू नको, पण निघालो होतो. अक्कानं डाव्या हातानं माझी बाही धरली. म्हणाली, "तुजं नाव घिऊ नगंस. मंजीचं लगीन मोडंल. गोकुळ माझ्या पोटचा हाय. मी त्याला माफ केलं की मिटलं. तुला कोन माफ करंल?" मला आईविना तिनं कडेवर वाढवलं, तिच्यापुढं मी कधी बोललो नाही. पिवळी मी तिच्या सांगण्यानंतर लावली, आधी नाही.

तू सात महिने तिच्यासमोर खाली मान घालून बसलास, तेव्हा ती तुझ्या डोक्याकडं बघत होती आणि तिला माहीत होतं. तिला विचार. खोटं बोलणार नाही ती. विचारलं नाहीस म्हणून सांगितलं नाही.

राजेंद्रमामा


गारखेडा
९ सप्टेंबर २०२५

मामा,

पत्र मीच उघडलं. आईला विचारलं. ती डाळ निवडत होती. "व्हय" म्हणाली. मग म्हणाली, "पर तुला मी कवाच माफ केलंय की." मी विचारलं, "कशाबद्दल?" तिनं ताटात बघितलं. मी परत विचारलं, ती खडे वेचत राहिली. तिला खरंच वाटतं की तिनं मला काहीतरी दिलं. सात महिने रोज दिलं.

मला राग आला नाही. मी बसून सगळा विचार केला. तिला दोघांपैकी एकाला वाचवायचं होतं, तिनं तुम्हाला वाचवलं. आईचा हक्क आहे तो. पण मग तिनं राहायचंही तुमच्याकडंच.

प्रेरणा दोन दिवस रडतेय. म्हणते, म्हातारं माणूस आहे, असं करू नको, तू असा नव्हतास. म्हणते, मी पत्रांचा खेळ केला नसता तर बरं झालं असतं. मी तिला म्हणालो, तुझं काही चुकलं नाही. तुमच्या भाषेत सांगायचं तर तिनं सिग्नल जोडला आणि मशीन थांबलं, एवढंच.

येत्या रविवारी, चौदा तारखेला सकाळी दहाच्या गाडीत मी तिला बसवतो. साधारण अकराला तुमच्या स्टँडवर पोचेल. सोबत कुणी नाही, कंडक्टरला सांगून ठेवतो. तिचं सामान दोन पिशव्या, त्या तिला उचलत नाहीत.

मामींना पुढचं वाचून दाखवा. तिला साडी नेसवावी लागते आणि ब्लाउजची हुकं लावावी लागतात. परक्या बाईकडून लावून घ्यायला लाजते, पहिले काही दिवस उपाशी राहिल्यासारखी गप्प राहील, तिकडं लक्ष देऊ नका. भाकरी दुधात कुस्करून लागते, पण दूध ऊन हवं. वेणी रोज घालायची. आठवड्यातून दोनदा घातली तर गुंता होतो आणि ती ओरडत नाही, नुसती डोळे मिटून घेते, म्हणून कळत नाही. थंडीत मनगट ठणकतं, तेव्हा तीळ तेल कोमट करून लावायचं, खालून वर, उलटं नाही. पहाटे एकदा उठते आणि उजव्या हातानं कडी काढायला जाते. तेव्हा कुणीतरी जागं असावं लागतं. गेले सात महिने मी होतो.

ती खूश आहे. राजूकडं चार दिवस जायचंय, एवढंच मी तिला सांगितलंय. तुमच्यासाठी लसणाची चटणी करून घेतलीय प्रेरणाकडून, नवी साडी बाजूला काढून ठेवलीय. वच्छलाबाईंना सांगून आली, भावाचं पोट बरं झालं म्हणून.

परत न्यायला मी येणार नाही, हे तिला माहीत नाही. ते तुम्ही सांगा.

गोकुळ